घरघर न करणारं मशीन

१. रिकामं टेबल

मशीन चोरीला गेलं तेव्हा मी त्याच्यासमोरच बसले होते. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण घरातल्या प्रत्येकाचं ते मला ऐकवून झालेलं आहे.

"आई, तू इथेच होतीस ना?" मुलाने विचारलं.

"इथेच होते."

"मग नेलं कोणी?"

"ते दिसलं असतं तर तुला विचारायची वेळ आली असती का? मानगूट धरून बसवला असता त्याला."

"म्हणजे तू झोपली होतीस."

"मी झोपले नव्हते. नुसते डोळे मिटले होते."

सुनेने हातातली फाइल तोंडासमोर धरली. ती वकील आहे. हसू लपवायला तिच्याकडे फायलींची कमी नाही.

खोली तळमजल्यावरची. एके काळी आमच्या ह्यांचं हिशेबाची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं तिथे, आता मुलाचं ऑफिस आहे. दार रस्त्याकडे उघडतं, दाराशेजारी खिडकी आणि खिडकीशी माझी खुर्ची. आत येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या नजरेखालून जावं लागतं. समोरच्या टेबलावर ह्यांचा जुना कॉम्प्युटर असायचा. हे गेले, तरी तो राहिला. आठवड्यातून एकदा मुलगा तो चालू करून बघायचा, आणि चालू झाला की पिठाच्या गिरणीसारखी अशी घरघर सुटायची की वरच्या मजल्यावर कळायचं, ह्यांचं मशीन उठलं.

आता त्या टेबलावर धुळीचा चौकोन होता आणि मी शिवलेलं खोळीचं कापड पडलेलं होतं. पेटी नाही, पडदा नाही, बटणांची पाटी नाही, वायरसुद्धा नाही.

मुलगा मटकन खाली बसला. "परवा सुनावणी आहे," तो म्हणाला. "संपलं सगळं."

२. फुकटच्या वस्तूवर टक्के

मुलगा काय करतो असं कुणी विचारलं तर मी सांगते, कॉम्प्युटरला चालायला बोलायला शिकवणारी सिस्टीम बनवतो आणि फुकट वाटतो. कुणीही न्यावी, आत डोकावून बघावं, हवं तसं बदलावं, पुढच्याला द्यावी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता. पण वाचनालयात, शाळेत, दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर, सगळीकडे तीच चालते. बिघडली तर दुरुस्तीचे पैसे हा घेतो, त्यावर घर चालतं.

मग एका मोठ्या कंपनीची नोटीस आली. तुमच्या सिस्टीममध्ये जी युक्ती आहे तिचं पेटंट आमच्याकडे आहे. जितक्या मशीनवर ती चालते तितक्यांची रॉयल्टी भरा, नाहीतर सगळीकडून काढून घ्या.

"फुकट दिलेल्या वस्तूवर टक्के कसे काढतात गं?" मी सुनेला विचारलं.

"वकील लावून, आई."

युक्ती अशी. मधेच वीज गेली, मशीन मेलं, की वीज आल्यावर ते पहिल्यापासून सुरू होत नाही. जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. अर्ध्या शब्दावर वीज गेली तर उरलेल्या अर्ध्या शब्दापासून.

ही युक्ती आमच्याकडे कंपनीच्या पेटंटच्या कितीतरी आधीपासून होती. ह्यांच्या त्या जुन्या मशीनमध्ये. ते सुनावणीत पंचांसमोर ठेवायचं, वायर ओढायची, परत लावायची, आणि कंपनीचं पेटंट गारद. सुनेने अख्खा दावा त्या एका मशीनवर उभा केला होता.

"त्याची नक्कल नाही कुणाकडे?" तिने विचारलं.

मुलगा म्हणाला, "मला वाटलं दाढीकडे आहे."

दाढी म्हणजे मुलाचा भागीदार. पूर्वी ह्यांच्या हाताखाली शिकायला यायचा, तेव्हा दाढी नव्हती. ती युक्ती त्यालाच सुचली, असं सगळं जग म्हणतं. परदेशात बोलावून त्याला भाषणं करायला लावतात. आमच्या ह्यांनी म्हणे जागा दिली आणि चहा पाजला. तो चहा मी करत होते, हे कुठल्याच भाषणात येत नाही.

आणि दाढी म्हणाला, "मला वाटलं तुझ्याकडे आहे."

जगाला फुकट वाटणारी ही माणसं. घरातली एकुलती एक वस्तू मात्र दोघांनी एकमेकांच्या भरवशावर सोडलेली.

३. तीन पाहुणे

त्या दुपारी दारातून तिघे बाहेरचे आले होते. कंपनीचा माणूस, माझा धाकटा दीर आणि दाढी. डोळे मिटण्याआधी तिघांना मी बघितलं होतं. पोलिसांना बोलवायला सुनेने नको म्हटलं, बातमी फुटली तर कंपनीला आयतंच मिळेल. म्हणून तपास मी हातात घेतला. माझ्या नाकासमोरून वस्तू जाते आणि घरात हसं होतं, हे मी चालू देणार नव्हते.

तिघांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

आधी कंपनीचा माणूस. आम्ही त्याला टाय म्हणतो, कारण त्याच्या अंगावर लक्षात राहण्यासारखं दुसरं काही नाही. खुर्चीवरची धूळ बघून उभाच राहिला.

"मॅडम, मशीन हरवल्याचं मला दुःख झालं, असं मी म्हटलं तर तुम्हाला खरं वाटेल?"

"नाही."

"म्हणून म्हणत नाही. पण आमची कंपनी अडगळ चोरत नाही."

"अडगळ? त्या अडगळीला घाबरून तर तडजोडीचे कागद घेऊन रोज चकरा मारताय. तुमच्या त्या साहेबांना जाऊन सांगा, आयुष्यात एकदा तरी..."

तेवढ्यात मी जरा डोळे मिटले. उघडले आणि वाक्य पुरं केलं. "...लाज वाटू द्या!"

"वहिनी, मी काय केलं?" दीर म्हणाला. टाय निघून गेला होता आणि त्याच्या जागी धाकटे भाऊजी येऊन बसले होते.

"काय केलंत ते तुम्हीच सांगा, भाऊजी. वाक्य तुम्हालाही लागू पडतं."

दिराचा हिशेब सरळ आहे. मुलाने कंपनीशी तडजोड करावी, हा उद्योग बंद करावा, आणि तळमजला एका फर्निचरवाल्याला भाड्याने द्यावा. तो फर्निचरवाला दिराचा मित्र.

"तो डबा गेला ते बरंच झालं," ते म्हणाले. "पण मी नाही नेला हं वहिनी. तो उचलायचा म्हणजे कंबर हवी."

कंबरेचं मला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की हा माणूस बॅटरीत सेल घालतो तेव्हा दर वेळी उलटे घालतो.

शेवटी दाढी आला. डोळे लाल, झोप झालेली नव्हती. "काकू, मी आलो होतो दुपारी. तुम्ही... डोळे मिटून बसला होतात."

सगळ्यांत तेवढा एक सभ्य. पुढे काही विचारणार तोच त्याने माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"काकू, दांडी ढिली आहे. पडून फुटेल."

खिशातून बोटभर पेचकस काढला, स्क्रू पिळला, काचा सदऱ्याला पुसल्या आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. मशीन मिळेल."

"तुला कसं माहीत?"

"मिळायलाच हवं," म्हणाला आणि उठून गेला.

सून कोपऱ्यात बसून ऐकत होती. "आई, माझा संशय धाकट्या काकांवर आहे. कॉम्प्युटरमधलं सगळं एका लहानशा डबीत असतं, खिशात मावते. जाणकार चोर ती डबी काढून नेईल. इथे सगळं धूड उचलून नेलंय, म्हणजे चोर अडाणी."

मी टेबलाखाली बघितलं. ह्यांनी वायर कपाटामागून फिरवून भिंतीत खोचली होती. ती काढायची तर गुडघ्यांवर बसून आत हात घालावा लागतो.

"फोडायला किंवा भंगारात टाकायला नेणारा माणूस वायर कशाला काढत बसेल?" मी म्हटलं.

सुनेच्या हातातली फाइल खाली आली.

"नेणाऱ्याला ते मोडायचं नव्हतं," मी म्हटलं. "त्याला ते चालू करायचं होतं."

४. परतलं, पण

दुपारी मी खुर्चीत बसले होते. पूर्ण जागी. नुसते डोळे मिटले, उघडले, आणि समोर टेबलावर मशीन. वर माझी खोळ, नीट घातलेली.

माझ्या हाकेने मुलगा पायऱ्यांवरून जवळजवळ घसरतच आला. सून आली, मागोमाग दाढीही आला, त्याच्या चेहऱ्यावरचा ताण इतका सुटला की म्हटलं हा आता रडतो. मुलाने बटण दाबलं. पडदा उजळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत. "घरघर कुठे गेली?"

"आई, मशीन मिळालं ना!"

"ते दिसतंय मला. घरघर कुठे गेली?"

मशीन चालू होतं आणि खोलीत चकार आवाज नव्हता. मुलाने मागे हात लावून बघितलं. "पंखा साफ केलाय कुणीतरी. तेलपाणी केलंय."

"चोराने?"

मुलाला घाई होती आत काही बिघडलंय का बघायची. इतकी वर्षं त्याने मशीन नुसतं चालू करून बंद केलं होतं. म्हाताऱ्या मशीनची चालता चालता वायर ओढायची त्याची छाती झाली नव्हती. आता ओढली. पडदा काळा झाला. परत लावली. मशीन थोडा वेळ गप्प राहिलं, मग पडद्यावर अक्षरं आली, 'पुन्हा सुरू', आणि मुलगा जिथे होता तिथूनच पुढे चालू.

"आई, जमलं!"

पण सून पडद्याला नाक लावून बसली होती. तिने दोन-तीन बटणं दाबली आणि तिचा रंग उतरला.

"ते 'पुन्हा सुरू' ज्या फाइलमधून येतं, तिच्यावर कालची तारीख आहे," ती म्हणाली. "कुणीतरी आत हात घातलाय. हे असंच पंचांसमोर नेलं तर आपणच खोटा पुरावा तयार केला असं ठरेल."

५. तिरकं घड्याळ

संध्याकाळी चहाला सगळ्यांना बोलावलं. टायलासुद्धा. तो तडजोडीचे कागद घेऊनच आला, आणि या वेळी बसला. चहा देण्याआधी मी भिंतीवरचं घड्याळ काठीने ढोसून ठेवलं होतं. चांगलं तिरकं.

"चोर या खोलीत आहे," मी म्हटलं.

टायने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, माझ्याकडे बघू नका."

"तुमच्याकडे बघण्यासारखं आहे काय? तुम्ही नेलं असतं तर परत कशाला आणलं असतं? तुम्हाला ते हरवलेलंच हवं. माझा मुलगाही नव्हे. स्वयंपाकघरातला नळ तो लग्नाआधीपासून दुरुस्त करणार आहे, तो चोरीच्या घाईत पंख्याला तेल घालेल? सुनेला धुळीने शिंका येतात. त्या पेटीला नुसता हात लावला असता तरी शिंकांनी गल्ली जागी झाली असती."

"म्हणजे आई, कुणीतरी जागं झालं असतं," सून म्हणाली.

तिच्याकडे मी नंतर बघणार होते. आवाज चढवून मी दिराकडे वळले. "राहिले भाऊजी! तळमजल्यावर डोळा कुणाचा? डबा गेला ते बरं झालं, असं कोण म्हणालं? बोला!"

"अहो वहिनी, देवाशपथ! मला ते चालूसुद्धा करता येत नाही!"

"सोंग आहे ते! इतकी वर्षं सेल उलटे घालायचं सोंग करत आलात!"

दीर उभे राहिले, मुलगा मधे पडला, सून ओरडली, टायच्या पँटवर चहा सांडला. त्या सगळ्या गदारोळात एकच माणूस भांडणाकडे बघत नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता. मग त्याला राहवेना. तो उठला, सगळ्यांना वळसा घालून भिंतीपाशी गेला, आणि दोन बोटांनी घड्याळ सरळ केलं.

"बस खाली, दाढी," मी म्हटलं.

सगळे वळून दाढीकडे बघायला लागले.

"भाऊजी, तुम्हीही बसा. तुमचा अपमान खोटा होता, पण कधीतरी कामाला येईल. दाढी, काल तू मशीन नेलंस. तुला त्यात काहीतरी बदलायचं होतं, आणि मी इथून हलत नाही म्हणून उचलून न्यावं लागलं. काम झालं की गुपचूप आणून ठेवायचं. कुणाला काही कळलं नसतं. पण तो पंखा घरघरत होता, आणि समोर दोष दिसला की तुझा हात राहत नाही. माझा चष्मा, ते घड्याळ, तो पंखा. चोरीच्या मालाची सर्व्हिसिंग करून परत आणणारा चोर मी पहिल्यांदाच बघितला."

दाढीने गुडघ्यांवर कोपरं टेकली.

"काकू, ती युक्ती माझी नाही," तो म्हणाला. "काकांची आहे. सगळी. ते गेल्यावर एकदा कुणीतरी विचारलं, मी म्हटलं, मला सुचली. मग पुढे ते मागे घेताच आलं नाही. पंचांसमोर वायर ओढणार म्हटल्यावर... वीज परत आली की पडद्यावर एक ओळ येते. ती वाचली की कुणालाही कळेल की हे काकांनी केलंय. मला फक्त तेवढी ओळ काढायची होती."

दाढीला मुलगा लहानपणापासून दादा म्हणत आलेला. त्याने तोंड फिरवलं, ते मला मशीन गेल्यापेक्षा जास्त लागलं.

"काय ओळ?" मी विचारलं.

"ते मात्र मला विचारू नका, काकू."

"पुसलीस?"

"नाही!" दाढीने एकदम मान वर केली, जणू मी त्याच्यावर खुनाचा आळ घेतला. "आम्ही पुसत नाही. कितीही बदल करा, जुनं तसंच बाजूला ठेवायचं, ही आमची सवय आहे. तेही आतच आहे."

सून उठून उभी राहिली. "जुन्या तारखेसकट?"

"तारखेसकट."

तेवढ्यात टायने रुमालाने पँट पुसली आणि बॅग उचलली. "मॅडम, हे माझ्यासमोर बोलायला नको होतं. मशीनमध्ये फेरफार झाला, हे उद्या मी पंचांना सांगणार."

"सांगा की," मी म्हटलं. "पण तुमच्या आधी हा सांगेल."

दाढीचा चेहरा पांढरा पडला. उद्याच्या सुनावणीला त्याच्या भाषणांना टाळ्या वाजवणारे कितीतरी लोक येणार होते.

६. वायर

दाढी येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. मुलाने तर आशाच सोडली होती. पण तो आला, आणि दाढी विंचरून आला.

पंच जाडजूड, गंभीर गृहस्थ. टायने पहिल्या झटक्यात हरकत घेतली. मशीन चोरीला गेलं होतं, त्यात फेरफार झाला, पुरावा बाद करा. मग दाढी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. काय काढलं, कधी काढलं, आज सकाळी सर्वांदेखत जुनं परत कसं ठेवलं. मागच्या रांगांमधली कुजबुज वाढत गेली.

पंच म्हणाले, "तुम्ही एकदा फसवलंत. आता खरं बोलताय कशावरून?"

"इतकी वर्षं हे माझं आहे असं सांगून मी नाव कमावलं," दाढी म्हणाला. "आज माझं नाही असं सांगतोय. यात माझा फायदा कोणता, ते तुम्हीच सांगा."

पंचांनी जुन्या फाइलवरची तारीख तपासली, ती कंपनीच्या पेटंटच्या कितीतरी आधीची होती. मग म्हणाले, वायर मी स्वतः ओढणार.

तोपर्यंत मी भिंतीशी टायच्या शेजारी बसले होते, आणि त्याला दोन शब्द सुनावायची ही शेवटची संधी होती. "ऐका," मी हळूच म्हटलं, "तुमच्या कंपनीला दुसऱ्याच्या घामावर टक्के खायचे असतील तर आधी..."

मशीनची घरघर असती तर काही झालं नसतं. पण ते चालू होतं आणि आवाज नाही, खोली गार, पंच सावकाश. मी जरा डोळे मिटले.

शांततेने जाग आली. म्हणजे, शांततेने डोळे उघडले. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. पंचांनी वायर ओढून परत लावली होती, हात अजून तिच्यावरच होता.

"बाई," ते म्हणाले, "झोपलात का?"

"मी झोपले नव्हते. नुसते डोळे मिटले होते," मी म्हटलं, आणि टायकडे वळले. "...आधी स्वतः घाम गाळायला शिका!"

आधी पंच हसले. मग सून, फाइलबिईल विसरून. मग मागच्या रांगा. टायसुद्धा तोंड दाबून बसला. मला वाटलं ही वेड्यांची सभा आहे, आणि तेवढ्यात माझी नजर पडद्यावर गेली. ह्यांनी एकेक ठिपका जोडून स्वतः बनवलेली ती वेडीवाकडी, मोठाली अक्षरं. मलासुद्धा वाचता येतील अशी.

'मी झोपले नव्हते. नुसते डोळे मिटले होते.'

आणि खाली मशीन अर्ध्या शब्दापासून पुढे चालू झालेलं.

"काका मला नेहमी तुमच्याकडे बोट दाखवायचे," दाढी हलकेच म्हणाला. "म्हणायचे, बघ, अर्ध्या वाक्यावर बंद आणि उठली की त्याच शब्दापासून चालू. मशीन असं पाहिजे."

पंचांनी डोळे पुसले आणि निकाल सांगितला. ही युक्ती कंपनीच्या आधीपासून चालू होती हे मशीनवरून सिद्ध झालं. आणि मशीनच्याही आधीपासून चालू होती, हे त्यांनी आत्ताच डोळ्यांनी बघितलं.

वाचनालय, शाळा, दवाखाना, कुठलंच मशीन बंद झालं नाही. मुलगा दाढीशी आठवडाभर बोलला नाही. मग एके दिवशी स्वयंपाकघरात दोघांचे आवाज ऐकू आले, बघते तर दाढी नळ दुरुस्त करत होता आणि मुलगा पाना धरून उभा होता. मी बाहेरूनच परतले. दाढीला मी एकच शिक्षा दिली. घरघर परत आण.

"काकू, तो दोष होता."

"तुला कुणी विचारलं होतं?"

दोष परत घालायला त्याला पंखा साफ करण्यापेक्षा जास्त त्रास झाला. पण आता मशीन पूर्वीसारखं घरघरतं. दुपारी सगळे कामात असले की मी त्याच्यासमोर खुर्ची ओढते आणि वायर काढून परत लावते. आयुष्यभर जो माणूस मला एक शब्द उलटून बोलला नाही, तो भर सभेत बोलला. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय माझं.

"काय हो," मी म्हणते, "माझी नक्कल करता?"

पडदा उजळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मी जरा डोळे मिटते.